रकाना कोण ठरवतं?

२०२२ चा मे संपत आला तरी जालना, बीड, लातूर, धाराशिव, परभणीच्या शिवारांत ऊस उभा होता. त्याच हंगामात राज्यानं गाळपाचा विक्रम केला होता: सुमारे १,३२० लाख टन ऊस आणि १३७ लाख टनांच्या आसपास साखर. इकडे कास्तकार मात्र तोडीसाठी कारखान्याच्या गट ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होता, मुकादमाला वरचे पैसे देत होता, रोज वजन घटत चाललेल्या उसाकडे बघत बसला होता. काहींनी वैतागून उभ्या फडाला काडी लावली. शेवटी सरकारला लांबच्या कारखान्यांना ऊस नेण्यासाठी वाहतूक अनुदान जाहीर करावं लागलं आणि धुराडी जूनपर्यंत चालवावी लागली.

तेव्हा सगळ्यांचं उत्तर एकच होतं, ऊस जास्त झाला. पण ऊस काही एका रात्रीत येत नाही. २०२० ला पाऊस चांगला झाला, २०२१ लाही झाला. जायकवाडी भरलं, मांजरा भरलं. आपल्याकडे धरण भरलं की लोक ऊस लावतात, हे पानटपरीवर बसणाऱ्यालाही ठाऊक असतं. सप्टेंबरात धरण भरलं की हिवाळ्यात लागण आणि त्यानंतर बारा-चौदा महिन्यांनी तोड. म्हणजे ज्याच्या हातात धरणसाठ्याचा रोजचा तक्ता आहे, त्याला पुढच्या हंगामाचा अंदाज वर्षभर आधी बांधता यायला हवा. आकडे होते. साठा जलसंपदाकडे, पेरा कृषी खात्याकडे आणि तलाठ्याकडे, लागणीच्या नोंदी कारखान्यांच्या संगणकांत. प्रत्येकाचा बस्ता वेगळा, एवढंच.

कारखान्याचा ऊसनोंदीचा प्रोग्रॅम उघडून बघा. सभासद क्रमांक, गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागण की खोडवा, लागणीची तारीख. या शेवटच्या रकान्यावरून तोडीचा क्रम लागतो. प्रोग्रॅम वाईट नाही. पण त्याला एकच प्रश्न विचारलेला आहे: माझ्या गिरणीला पुरेल एवढा ऊस मिळेल का? माझ्या कार्यक्षेत्रात एकूण ऊस किती उभा आहे, त्यातला बिगरसभासदाचा किती, एकच फड दोन कारखान्यांकडे नोंदवलाय का, नोंदच न झालेला किती, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. त्यात वेळेची गंमत अशी की तोडणी टोळ्यांचे करार आणि उचली दसऱ्याच्या कितीतरी आधी होतात. किती टोळ्या बांधायच्या हे पावसाळ्यात ठरतं आणि ऊस किती शिल्लक राहणार हे फेब्रुवारीत कळतं. फेब्रुवारीतला अचूक आकडा म्हणजे वरातीमागून घोडं. पुढे साखर आयुक्तालयानं ऊसनोंदीसाठी मोबाइल ॲप आणलं. बरं झालं. पण तोवर एक हंगाम जळून गेला होता.

संस्थेचं धोरण संचालक मंडळाच्या ठरावात ठरतं असं आपण मानतो. मला तसं वाटत नाही. ते बऱ्याचदा त्याच्या फार आधी, कुणीतरी प्रोग्रॅममध्ये रकाने आखतो तेव्हाच ठरून जातं. ज्याला रकाना आहे त्याची बैठकीत चर्चा होते. ज्याला नाही ते चेअरमनच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. आणि हे रकाने आखणारा माणूस कोण असतो? सॉफ्टवेअर कंपनीतला एखादा हुशार पोरगा, ज्यानं गट ऑफिस कधी बघितलेलं नाही. नाहीतर मुंबईत बसलेला कुणी अधिकारी. ज्यांची संस्था त्यावर तरते किंवा बुडते ते संचालक ‘ते काँप्युटरवाल्यांचं काम’ म्हणून सही करून मोकळे होतात. आमच्याकडे खुर्च्या आणि पंखे खरेदीच्या ठरावावर तासभर वाद होतो, सॉफ्टवेअरचा ठराव दोन मिनिटांत मंजूर.

व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात की आधी धोरण ठरवा, मग त्याला साजेशी रचना करा, मग त्या रचनेला लागेल ती माहिती यंत्रणा उभारा. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात क्रम उलटा चालतो, आणि हे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाण्यातल्या कुठल्याही लहान कारखानदाराला विचारलं तर तो चहा संपायच्या आत समजावून सांगेल. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला तेव्हापासून सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहान युनिटांचं जग तिथं उभं राहिलं. आज अशा युनिटाचा दिवस सुरू होतो तो मोठ्या गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर. उद्या किती नग, किती वाजता, कुठल्या ट्रेमध्ये. त्यावरून पाळ्या लागतात, कच्चा माल भरायचा की थांबायचं ते ठरतं, ओव्हरटाइम ठरतो. मालकाला आपण मालक आहोत असं वाटतं खरं, पण त्याच्या शॉपफ्लोअरचं वेळापत्रक दुसऱ्याच्या सर्व्हरवर बसलेलं असतं.

मग जीएसटी आला. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की पुरवठादारानं आपल्या विवरणपत्रात बिल दाखवलं आणि ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या तुमच्या खरेदीच्या तक्त्यात, उतरलं, तरच तुम्हाला त्या कराची वजावट मिळते. ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना होती. ऑगस्ट २०२३ पर्यंत ती ५ कोटींपर्यंत खाली आली. याचा परिणाम हिशेबाच्या खोलीत थांबला नाही. काम कुणाकडून करून घ्यायचं हे ठरवताना पूर्वी भाव बघायचे, ओळख बघायचे, माल वेळेवर देतो का बघायचे. आता पहिला प्रश्न असतो, रिटर्न वेळेवर भरतो का. पुरवठादार कोण असावा हा धंद्यातल्या धोरणाचा गाभा, आणि तो एका सरकारी पोर्टलच्या जुळणीनं फिरवला. एकंदरीत बऱ्यासाठीच फिरवला असं मी म्हणेन. बिल न फाडता चालणारा बराच धंदा सरळ झाला. पण हात सोन्याचा असलेला, हिशेबनीस न परवडणारा एखादा लेथवाला यात बाजूला पडला, आणि त्याला बाजूला पाडायचं असं कुठल्याही बैठकीत कुणी ठरवलेलं नव्हतं.

आणखी एक दाखला द्यायला हवा, जुना असला तरी. १९८० च्या दशकात फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या, पुरवठादारांची बिलं चुकवणाऱ्या विभागात ५०० हून जास्त माणसं होती. संगणक लावून त्यातली २० टक्के कमी करावीत असा बेत होता. मग त्यांनी माझदाकडे बघितलं. तिथं हेच काम ५ माणसं करत होती. माझदा लहान कंपनी, हे धरूनही फरक पचण्यासारखा नव्हता. फोर्डनं शेवटी बिलाचीच गरज काढून टाकली. खरेदीची ऑर्डर संगणकात, माल दारात आला की तिथल्या माणसानं ऑर्डरशी ताडून बघायचा, जुळला तर पैसे निघाले. आपल्याकडे मात्र कागदाचं रजिस्टर तसंच राहिलं आणि त्याच्या शेजारी काँप्युटर येऊन बसला. नोंद दोन्हींत. गावच्या सोसायटीच्या गटसचिवाला विचारा, तो दोन्ही दाखवेल, आणि दोन्हींतले आकडे जुळत नसतील तर खरा कुठला तेही सांगेल. तो सहसा कागदावरचा असतो.

कर्जमाफीत हेच मोठ्या पडद्यावर दिसलं. जून २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. यंत्रणा अशी आखली की शेतकऱ्यानंच ऑनलाइन अर्ज भरायचा. कुटुंब हे एकक, म्हणून नवरा-बायको दोघांचे आधार, दोघांचे अंगठे. सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या, सर्व्हर रात्री जरा मोकळा असतो म्हणून लोक रात्री जाऊन बसले. मग अर्जातली नावं बँकेच्या नोंदींशी जुळेनात, दिवाळीच्या तोंडावर निघालेल्या याद्यांत घोळ निघाला. वास्तविक कुणाकडे किती थकबाकी आहे ही माहिती बँकेच्या खतावणीत पहिल्या दिवसापासून होती. डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची दुसरी योजना आली तेव्हा अर्जच ठेवला नाही. बँकांनी कर्जखात्यांची माहिती चढवली, याद्या गावात लागल्या, शेतकऱ्यानं अंगठा लावून एवढंच सांगायचं की ही रक्कम बरोबर आहे. कर्जमाफी असावी की नसावी हा वाद वेगळा, आणि माझं मत ऐकून दोन्ही बाजू नाराज होतील. पण एकाच सरकारी यंत्रणेनं अडीच वर्षांच्या अंतरानं केलेल्या या दोन कामांमध्ये जो फरक पडला तो पैशाचा नव्हता, यंत्रांचाही नव्हता. माहिती आधीच कुणाजवळ आहे हा प्रश्न दुसऱ्या वेळी कुणीतरी वेळेत विचारला.

आता जरा अवघड जागी हात घालतो. मार्च उजाडला की आमच्या सोसायट्यांमध्ये ‘नवं-जुनं’ सुरू होतं. पीककर्ज वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं, म्हणून ३१ मार्चच्या आत भरणा दाखवायचा. शेतकऱ्याकडे पैसे नसतात. तूर विकून झालेली असते, हरभऱ्याचे पैसे अजून आडत्याकडेच असतात. मग हातउसने, नाहीतर आठ-पंधरा दिवसांच्या व्याजाने पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, एप्रिलमध्ये तेवढंच किंवा थोडं वाढवून नवं कर्ज घ्यायचं आणि ज्याचे त्याला परत करायचे. सचिवाला माहीत, तपासनिसाला माहीत, शाखाधिकाऱ्याला माहीत. पण संगणकाला दोनच गोष्टी दिसतात: भरणा झाला, तारीख ३१ मार्चच्या आत. वार्षिक अहवालात वसुलीचा टक्का झळकतो. त्या टक्क्यावर पुढच्या वर्षीचं कर्जवाटपाचं उद्दिष्ट ठरतं, शाखेचा क्रमांक लागतो, अधिकाऱ्याची पाठ थोपटली जाते. आणि लागोपाठ दोन वर्षं पाऊस फिरला की ही सगळी वसुली एकदम थकबाकी होते. अध्यक्ष म्हणतात, अचानक झालं.

अचानक काहीच नसतं. भरण्याची तारीख आणि नव्या उचलीची तारीख दोन्ही त्याच संगणकात असतात. त्या दोन तारखांमधलं अंतर मोजा, दोन्ही रकमा शेजारी ठेवा. ज्या खात्यात अंतर पंधरा दिवसांच्या आत आणि रक्कम जवळपास तेवढीच, ते खातं वेगळ्या यादीत काढा. एका अहवालाचं काम आहे, चांगला प्रोग्रॅमर दुपारच्या आत करून देईल. त्यातून बँकेला कळेल की आपल्या कर्जदारांपैकी खरोखर शेतीच्या उत्पन्नातून फेडणारे किती आणि वर्षानुवर्षं गोल फिरणारे किती. फिरणाऱ्यांसाठी वेगळं धोरण लागेल, मुदत वाढवून द्यायची, पीक बदलायला मदत करायची, जोडधंद्याला भांडवल द्यायचं. मराठवाड्यातल्या काही जिल्हा बँका वर्षानुवर्षं अडचणीत राहिल्या, त्याला गैरव्यवहार आणि राजकारण ही कारणं आहेतच. पण अशी यादी मागायचं धाडस संचालकांनी केलं नाही, हेही एक कारण मी त्यात धरतो. यादी मागितली की उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर मिळालं की टक्का उतरतो.

मोंढ्यात प्रकार थोडा निराळा आहे. लातूरला सकाळी पोटलीत, म्हणजे बाजार समितीतल्या सौद्यात, सोयाबीनचा भाव निघाला की काही मिनिटांत तो औसा, निलंगा, अहमदपूरच्या गावागावांत मोबाइलवर पोचलेला असतो. भाव आता लपत नाही. मग शेतकरी नाडला जातो कुठं? ओलाव्यात, मातीत, डागी दाण्यात. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८. २०२४ च्या हंगामात मोंढ्यातला भाव हमीभावाच्या बराच खाली होता आणि सरकारी खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नव्हता. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात ही मर्यादा १५ टक्के केली गेली. म्हणजे क्विंटलमागं कित्येकशे रुपये एका छोट्या यंत्राच्या आकड्यावर अवलंबून, आणि ते यंत्र खरेदीदाराच्या हातात. भावाची माहिती सार्वजनिक झाली, मालाच्या प्रतीची झाली नाही.

२००० साली आयटीसीनं मध्य प्रदेशातल्या सोयाबीन पट्ट्यात ई-चौपाल सुरू केलं. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक ठेवला, कंपनीचा दर घर सोडायच्या आत कळायची सोय केली, माल कंपनीच्या केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजला, पैसे तिथंच दिले. कंपनीनं हे परोपकार म्हणून केलं नाही, स्वतःची खरेदी स्वस्त आणि खात्रीची करण्यासाठी केलं. पण त्यासाठी तिनं खरेदीची अख्खी पद्धत बदलली. १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम हे केंद्राचं शेतमाल विक्रीचं पोर्टल सुरू झालं तेव्हा हेतू याहून मोठा होता, देशभराचा एक बाजार. सॉफ्टवेअरही आलं, प्रयोगशाळेची कल्पनाही त्यात होती. बदललं नाही ते आडत्या आणि कास्तकाराचं नातं. पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला, बियाण्याला उचल देणारा आडत्या हाच ज्याचा सावकार आहे, तो शेतकरी पडद्यावर दुसऱ्या राज्यातला चांगला भाव दिसला म्हणून माल तिकडे देत नाही. त्या उचलीला ई-नाममध्ये रकाना नाही. बाजार समितीला खरोखर काही करायचं असेल तर तिनं मोठ्या पडद्याचा खर्च वाचवावा आणि दारातच, सौद्याच्या आधी, समितीच्या माणसानं ओलावा आणि माती मोजून शेतकऱ्याच्या हातात छापील चिठ्ठी द्यावी. पुढचं घासाघीस करायला आमचा शेतकरी समर्थ आहे.

या सगळ्याच्या मुळाशी मला एक सवय दिसते. आपली माहिती वर जाते, खाली येत नाही. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी ताईंनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले, ते उगाच नाही. फोन निकृष्ट होते आणि पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत होतं. ज्या बाईनं ते दिवसभर वापरायचं तिची भाषा त्यात नव्हती, यावरूनच कळतं की ते तिच्यासाठी केलेलं नव्हतं. तिनं भरायचं आणि दिल्ली-मुंबईनं बघायचं. गावातल्या कुठल्या पोराचं वजन तीन महिने हललं नाही, हे तिला ॲपनं सांगायला हवं. ते ती आजही आपल्या वहीत बघते. ग्रामसेवक, आशाताई, कृषी सहायक, शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांची तीच तऱ्हा. माहिती भरण्यात दिवस जातो आणि निर्णय घ्यायला लागणारी माहिती स्वतःच्या वहीतून काढावी लागते. मग भरणारा माणूस अंदाजपंचे भरतो. कालचंच आज, गेल्या महिन्याचंच या महिन्यात. वर बसलेल्यांना तक्ते रंगीत दिसतात आणि त्या तक्त्यांवरून ते जिल्ह्याची आखणी करतात.

एकदा भरलेला रकाना किती वर्षं जगतो, हे तर मराठवाड्याइतकं कुणाला कळणार? निजामाच्या काळात कुणा पटवाऱ्यानं, कुणा कारकुनानं उर्दूत किंवा मोडीत जातीपुढं काय लिहिलं, त्यावर आज लाखो घरांच्या पोरांचे दाखले अडलेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली ती जुन्या कुणबी नोंदी शोधायला. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही. लिहिणाऱ्यानं तेव्हा ती नोंद महसुलाच्या किंवा खानेसुमारीच्या कामासाठी केली होती, शंभर वर्षांनी ती कशाला वापरली जाईल याची त्याला कल्पना असणं शक्यच नव्हतं. आज ई-पीक पाहणीत आणि शेतकरी ओळख क्रमांकात जे भरलं जातंय त्याकडे मी याच धास्तीनं बघतो. कुळानं कसलेली, बटईनं केलेली जमीन त्यात कशी दिसते? बायकोच्या नावावर नसलेली पण तिनंच कसलेली?

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: ‘अहो, नियत नसेल तर काँप्युटर काय करणार? चेअरमनचा फोन आला की सिस्टिम बाजूला.’ खरं आहे. तोडीचा क्रम लागण तारखेप्रमाणे लागला तरी संचालकाच्या पाहुण्याचा ऊस आधी जातो, हे कुणी नाकारू नये. पण क्रम कागदाच्या वहीत होता तेव्हा खाडाखोड करून भागायचं. प्रोग्रॅममध्ये क्रम बदलणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही अशी सोय करता येते, आणि तो अहवाल आठवड्याला गट ऑफिसच्या भिंतीवर लावता येतो. वशिला त्यानं संपणार नाही. वशिल्याला नाव चिकटेल आणि तो थोडा महाग होईल. सहकारी संस्थेत, जिथं पाच वर्षांनी मतं मागावी लागतात, तिथं एवढंही पुष्कळ आहे.

राजकारण कितीही तापलेलं असलं तरी आधी ठरवून ठेवलेला आकडा काम करतो, याचा पुरावा जायकवाडीच आहे. मराठवाड्यातला सगळ्यात कडू वाद पाण्याचा. नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही यावर वर्षानुवर्षं मोर्चे, कोर्टकचेऱ्या झाल्या. या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून किती पाणी यायचं हे ठरलेल्या तक्त्यानुसार. एक तारीख, एक आकडा, आणि त्याला जोडलेली कृती. वाद मिटला असं मुळीच नाही, टंचाईच्या वर्षी आजही कोर्टात धाव घेतली जाते. पण भांडण आता ‘पाणी आमचं की तुमचं’ इथून सुरू होत नाही, तक्त्यापासून सुरू होतं. आणि पैठणच्या शेतकऱ्याला ऑक्टोबर उजाडायच्या आत साधारण कळतं की यंदा काय होणार. आमच्या किती कारखान्यांनी, बँकांनी, बाजार समित्यांनी असं ठरवून ठेवलंय, की अमुक तारखेला अमुक आकडा असा असेल तर आम्ही अमुक करू? नोंदीतलं क्षेत्र जुलैअखेर गाळप क्षमतेच्या इतक्या टक्क्यांवर गेलं तर हार्वेस्टरचे करार वाढवायचे. एखाद्या गावात फिरणारी खाती इतकी झाली तर तिथं नवं कर्ज देण्याआधी संचालकानं स्वतः जाऊन बसायचं. असे ठराव माझ्या तरी बघण्यात नाहीत. बैठकीत आकडे वाचून दाखवतात, ‘नोंद घेण्यात आली’ असं इतिवृत्तात लिहितात आणि चहा येतो.

खर्चाचा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. २०२२ मध्ये केंद्रानं देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी मंजूर केले. नाबार्डच्या देखरेखीखाली एकाच धर्तीचं सॉफ्टवेअर गावोगावच्या सोसायट्यांत चाललंय. पैशाचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. यंत्र, वीज, इंटरनेट, प्रशिक्षण यांच्या तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत. माझी काळजी वेगळी आहे. हे सॉफ्टवेअरही वर अहवाल पाठवण्यापुरतं वापरलं गेलं, आणि सभासदाला आपला उतारा छापून मिळायला तरीही सचिवाची मर्जी सांभाळावी लागली, तर सोसायटीचं व्यवस्थापन होतं तिथंच राहील. सभासदाच्या खात्याचा उतारा, क.म. (कर्जाच्या कमाल मर्यादेच्या) पत्रकात त्याच्या पिकाला धरलेली रक्कम, त्याच्या शेअरची आणि व्याज सवलतीची स्थिती, एवढं जरी त्याला मागितल्या दिवशी मिळालं तरी सचिव आणि सभासद यांच्यातलं बळ बदलतं. बळ बदललं की संचालक मंडळाला येणारे प्रश्न बदलतात, आणि प्रश्न बदलले की कर्जवाटपाचं धोरणही जागचं हलतं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. नोटिशीत बऱ्याच ठिकाणी ‘संगणक प्रणालीच्या देखभाल खर्चास मंजुरी देणे’ असा एका ओळीचा विषय असतो. तो वाचून दाखवतात, मागून कुणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतं आणि लाभांशाच्या विषयाकडे वळतात. यंदा त्या ओळीवर एकानं तरी उठावं. या प्रोग्रॅममध्ये रकाने कुणी ठरवले? एकदा भरलेली नोंद बदलता येते का, आणि बदलली तर कुणी बदलली ते दिसतं का? सभासदाला स्वतःच्या खात्याचं काय काय बघता येतं? नवं-जुनं झालेल्या खात्यांची यादी निघते का? आणि कंपनीशी करार संपला तर आपली दहा वर्षांची माहिती आपल्याला कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळणार, हे करारात लिहिलंय का? व्यवस्थापकाला उत्तरं तोंडपाठ नसतील तर त्यानं करार आणून सभेत वाचावा. लाभांशाचा विषय अर्धा तास थांबला तरी चालेल.